पोटाची बाही शिवली त्याची गोष्ट: वजनाचं ऑपरेशन करायचं असेल तर काय काय, कसं कसं

माझा धंदा शाळेच्या युनिफॉर्मचा. सोलापुरात अशोक चौकाच्या मागं छोटं युनिट आहे, चौदा मशीन, दोन कटिंग मास्तर आणि मी. दिवसभर गळ्यात टेप आणि दिवसभर दुसऱ्याच्या पोरांची मापं, स्वतःचं माप मात्र घ्यायचं नाही असं वर्षानुवर्षं चाललेलं, कारण टेप असते साठ इंचाची आणि ती माझ्या पोटाभोवती फिरवली की शेवटचे सहा-सात इंच तेवढे हातात उरायचे. वजनाचंही तसंच. घरच्या काट्यावर सगळ्यांसमोर चढायची लाज, म्हणून गोडाऊनमध्ये कापडाच्या गाठी मोजायच्या काट्यावर, पोरं जेवायला गेली की गुपचूप उभा राहायचो. मे २०२३ मध्ये त्या काट्यानं १२८ दाखवलं.

२६ जुलै २०२३ ला ऑपरेशन झालं. आता अडीच वर्षं होऊन गेली, वजन ९० च्या मागंपुढं आहे. तेव्हापासून पार्क चौकात भेटणारा असो की लग्नात, कुणी ना कुणी बाजूला घेऊन हळूच विचारतोच, "लई दुखलं का बे? पैसे किती गेले?" प्रत्येकाला फोनवर तासभर सांगून दमलो, म्हणून एकदाच सगळं क्रमानं लिहितोय. मी डॉक्टर नाही. तुमचा डॉक्टर माझ्यापेक्षा वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका.

आधी हिशोब, आपण यात बसतो का

बीएमआय म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती आहे त्याचा आकडा, तो काढायला कॅल्क्युलेटर पुरतो. किलोमधलं वजन घ्या, त्याला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागा. माझी उंची ५ फूट ६ इंच म्हणजे १.६८ मीटर, १२८ ला दोनदा भागलं की ४५ येतात. आपल्याकडं बरीच वर्षं हिशोब असा होता की बीएमआय ३७.५ च्या वर असेल किंवा ३२.५ च्या वर असून सोबत शुगर, बीपी वगैरे असेल तर ऑपरेशनचा विचार करायचा. २०२२ मध्ये या विषयातल्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ते अजून खाली आणलं, ३५ च्या वर आजार असो-नसो ऑपरेशन सुचवायचं, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच विचार करायला हरकत नाही, कारण आपल्या अंगावर चरबी पोटाभोवती साठते आणि शुगर कमी वजनातच गाठते.

माझ्याकडं सगळा संच होता. आठ वर्षांची शुगर, बीपी, गुडघे, आणि झोपेत श्वास अडकायचा. घोरण्यावरून घरात चेष्टा चालायची, पण एकदा सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाताना मी एवढा घोरलो की कुर्डुवाडीला समोरच्या माणसानं जागा बदलली. चेष्टा तिथं संपली.

दहा-बारा किलो उतरवायचेत, पोरीचं लग्न आहे, असं असेल तर हा रस्ता तुमचा नाही. थायरॉईड आधी तपासा. आणि हो, २०२५ पासून टिरझेपटाइडची इंजेक्शनं भारतात मिळायला लागलीत, त्यांनी बऱ्यापैकी वजन उतरतं, महाग आहेत, आणि बंद केली की बरंचसं वजन परत चढतं. माझ्या वेळेला ती नव्हती, असती तर मी आधी तेच करून बघितलं असतं का, खरं सांगायचं तर बहुतेक हो. तेव्हा तोही पर्याय डॉक्टरला विचारून घ्या, लाजू नका.

कोणतं ऑपरेशन

दोन मुख्य. स्लीव्ह आणि बायपास. दोन्ही दुर्बिणीतून होतात, पोटावर चार-पाच भोकं, मोठा चिरा नाही.

सर्जननी माझ्या फाईलच्या मागं जठराचं चित्र काढलं, वाकड्या वांग्यासारखं, आणि बाहेरच्या फुगीर बाजूनं वरपासून खालपर्यंत एक रेघ मारली. म्हणाले, हा भाग कापून काढायचा, उरते ती लांब नळी, त्याला म्हणतात स्लीव्ह. मी म्हटलं, "म्हणजे बाहीच की हो डॉक्टर. कापड किती वाया जातं?" ते हसले, "तुमच्या धंद्यात एवढं वाया गेलं तर दिवाळं निघेल, पाऊण जातं." कापता कापताच स्टेपलरनं शिलाई होते, ओळीनं बारीक टाचण्या, कायमच्या आत राहतात. आणि काढून टाकलेल्या भागातच भुकेचं हार्मोन जास्त तयार होतं, घ्रेलिन म्हणतात त्याला, त्यामुळं पहिले काही महिने भूक फार लागतच नाही. हे कापड परत जोडता येत नाही हे नीट समजून घ्या, स्लीव्हला उलटा रस्ता नाही.

बायपासमध्ये जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करतात, जेमतेम ३० मिलीचा, आणि त्याला आतडं पुढनं आणून जोडतात. म्हणजे अन्न मधला टप्पा चुकवून जातं, बाहेरच्या बायपास रोडनं ट्रक जातात तसं. जुनी शुगर असेल किंवा छातीत जळजळ, आंबट पाणी घशाशी येणं हा त्रास मोठा असेल तर बायपासकडं कल असतो, कारण स्लीव्हनंतर ॲसिडिटी वाढू शकते. पण बायपासमध्ये जीवनसत्त्वं कमी शोषली जातात, गोळ्या चुकवून चालतच नाहीत, आणि गोड खाल्लं की घाम, धडधड, चक्कर, जुलाब होतात, त्याला डम्पिंग म्हणतात. माझी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठर बघतात ती तपासणी, साफ निघाली, जळजळ नव्हती, म्हणून स्लीव्ह ठरलं. आपल्या मित्राचं काय झालं त्यावरून ऑपरेशन निवडू नका, एंडोस्कोपीच्या रिपोर्टवरून निवडा.

डॉक्टर आणि हॉस्पिटल

सोलापुरातही दाखवलं, पुण्यातही दाखवलं. शेवटी पुण्यात केलं, कारण तिथं चुलतभाऊ राहतो आणि पहिला आठवडा हॉस्पिटलच्या जवळ राहायचं होतं. तुमच्या घराजवळ चांगला माणूस असेल तर लांब जाऊ नका, या ऑपरेशनमध्ये परत परत दाखवायला जाणं हाच अर्धा उपचार आहे आणि लांबचा डॉक्टर असला की सहा महिन्यांनी माणूस जायचं टाळतो.

पहिल्या भेटीत हे विचारा: तुम्ही स्वतः वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता. आयसीयू आहे का. रात्री दोन वाजता पोट दुखलं तर फोन कोण उचलतो. आहारतज्ज्ञ तुमच्याकडंच आहे की चिठ्ठी देऊन पाठवता. आणि वर्षभरानंतरच्या पेशंटशी बोलायला मिळेल का, महिन्याभरापूर्वीच्या नाही, महिन्याभरात सगळेच खुश असतात.

एका ठिकाणी मला आत गेल्या गेल्या डॉक्टरच्या आधी पॅकेजवाली मुलगी भेटली, "सर, या आठवड्यात बुक केलं तर डिस्काउंट आहे." चादरीचा सेल लागला होता का काय! मी चहा प्यायलो आणि उठलो. पॅकेजमध्ये काय नाही ते लिहून मागा. स्टेपलरच्या काडतुसांची संख्या, आयसीयूचा दिवस, भूलतज्ज्ञ, ऑपरेशनआधीच्या तपासण्या, हे बाहेर ठेवून आकडा छोटा दाखवतात. मला ३ लाख २५ हजार सांगितलेले, सगळं धरून ३ लाख ८० पर्यंत गेलं.

इन्शुरन्स

इथं माझे केस पांढरे झाले. आयआरडीएआय, म्हणजे इन्शुरन्स कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या नियमात लठ्ठपणाचा खर्च सहसा वगळलेला असतो, पण ऑपरेशनला अपवाद आहे, वय १८ च्या वर, डॉक्टरचा लेखी सल्ला, बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ च्या वर असून हृदयविकार, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात न येणारी टाईप टू शुगर यांपैकी काही, आणि आधी साधे उपाय करून फेल गेलेले असले पाहिजेत. शिवाय पॉलिसीचा वेटिंग पिरियड संपलेला पाहिजे.

माझं सगळं बसत होतं तरी कॅशलेस पहिल्यांदा नाकारलं, कारण काय तर "सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया". ४५ बीएमआयवाल्या माणसाला सौंदर्य! मग पैसे भरून ऑपरेशन केलं आणि नंतर क्लेम टाकला, चार महिन्यांनी बराचसा पास झाला. तो पास झाला कागदांमुळं. सर्जनच्या पत्रात उंची, वजन, बीएमआय आकड्यात, शुगर कधीपासून, कोणत्या गोळ्या, स्लीप स्टडीचा रिपोर्ट, आणि मुख्य म्हणजे आधी केलेल्या प्रयत्नांचा पुरावा. डाएटिशियनची जुनी फाईल, जिमची पावती, मधुमेहाच्या डॉक्टरच्या चिठ्ठ्यांवर लिहिलेलं वजन, जे असेल ते आत्तापासून एका पिशवीत टाकायला लागा. माझ्या बायकोनं २०१७ ची जिमची पावती पितळेच्या डब्यातनं काढून दिली, तीन महिन्यांचे पैसे भरून मी नऊ दिवस गेलो होतो, पण पावती ती पावती.

तपासण्या

रक्त (हिमोग्लोबिन, शुगरची तीन महिन्यांची सरासरी, लिव्हर, किडनी, थायरॉईड, बी१२, डी, लोह), पोटाची सोनोग्राफी, एंडोस्कोपी, ईसीजी, टूडी इको, छातीचा एक्स-रे, फुफ्फुसाची तपासणी, झोपेची तपासणी. दोन दिवस लागतात. सोलापूरच्या उन्हात राहूनही माझं व्हिटॅमिन डी ११ निघालं, कारण मी उन्हात असतोच कुठं, ट्यूबलाईटखाली असतो. कमी असलेलं आधीच भरून घ्या, नंतर भरायला जड जातं. तीन महिन्यांची शुगर ९.१ होती, ती ८ च्या खाली आल्याशिवाय डॉक्टरांनी तारीखच दिली नाही. स्लीप स्टडीनंतर सीपॅपचं मशीन लावलं, झोपेत मास्कमधून हवेचा दाब देतं ते, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा सकाळी डोकं हलकं वाटलं.

मानसोपचारतज्ज्ञाकडंही पाठवतात. घाबरू नका, वेड बघत नाहीत. मला विचारलं, "तुम्ही भूक लागल्यावर खाता की कंटाळा आल्यावर?" मी सांगितलं, ऑर्डरचं पेमेंट अडकल्यावर.

मावा, तंबाखू, सिगारेट महिना-दीड महिना आधी पूर्ण बंद. जखम भरत नाही आणि शिलाई उसवायचा धोका वाढतो. मावा सोडणं मला ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं, हे लिहायला लाज नाही.

तारीख कधीची धरायची

हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो, सोलापूरकरांनी उन्हाळ्यात करू नका. एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४२-४३ च्या वर जातो आणि ऑपरेशननंतर तुम्हाला गटागटा पाणी पिता येत नाही, घोट घोटच जातं. अंगातलं पाणी कमी होऊन परत ॲडमिट व्हायची वेळ येते. माझा तर सीझनच मार्च ते जून, म्हणून जुलै धरला.

जुलै धरला आणि अडकलो. २०२३ ला १८ जुलैपासून अधिक श्रावण. आई म्हणाली, "धोंड्याच्या महिन्यात ऑपरेशन?" तिची समजूत घातली तोवर सासूबाईंचा बार्शीहून फोन, जावयाला धोंड्याचं जेवण, तीन वर्षांतनं एकदा येतं, नाही म्हणायचं नाही. आणि मी तेव्हा होतो लिव्हरच्या डाएटवर.

ऑपरेशनआधी दोन आठवडे खाणं कडक कमी करतात, आठशे-हजार कॅलरी, भात-पोळी-साखर जवळपास बंद. चेष्टा नाही ही. लठ्ठ माणसाचं लिव्हर चरबीनं सुजलेलं असतं आणि जठराच्या अगदी वर बसतं, ते आकसलं नाही तर सर्जनला दुर्बिणीतून नीट दिसत नाही, काही वेळा ऑपरेशन अर्धवट थांबवावं लागतं. पहिले तीन दिवस डोकं ठणकतं, चिडचिड होते, मग ठीक. माझे सात किलो तिथंच गेले. तर बार्शीला गेलो, ओवाळून घेतलं, चांदीची वाटी घेतली, आणि पुरणाच्या धोंड्यांच्या ताटासमोर बसून प्रोटीनचा शेक प्यायलो. सासूबाई आत जाऊन रडल्या. त्यांना आधीच सांगायला पाहिजे होतं, ती चूक माझी. तुम्ही सांगा, ज्याच्या-ज्याच्या हातचं खाता त्या प्रत्येकाला तारीख ठरली की लगेच सांगा.

चालू असलेल्या गोळ्यांची पूर्ण यादी भूलतज्ज्ञाला दाखवा, आयुर्वेदिक काढ्यासकट. रक्त पातळ करायची गोळी बंद करावी लागते, शुगरची डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी तीन-चार दिवस आधी थांबवतात. पण आपण होऊन काही बंद करू नका.

हॉस्पिटलचे तीन दिवस

ऑपरेशनचा दीड तास मला आठवत नाही त्यामुळं त्यावर लिहायला काही नाही. शुद्धीवर आलो तर पायात घट्ट मोजे, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. पोटापेक्षा खांदा दुखत होता, तो पोटात भरलेल्या गॅसमुळं दुखतो, दोन दिवसांत जातो. संध्याकाळीच सिस्टरनी उठवून चालवलं. नको वाटतं, तरी चाला, गुठळी टाळायला चालण्यासारखं औषध नाही. सोबत प्लास्टिकच्या तीन छोट्या चेंडूंचं फुंकायचं खेळणं देतात, फुंकायचं म्हणजे उलट, श्वास आत ओढून चेंडू वर न्यायचे, तासातासाला. त्यानं फुफ्फुसं उघडी राहतात, न्यूमोनिया होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पाणी मिळालं. सिस्टरनी खोकल्याच्या औषधाला असतं तसलं प्लास्टिकचं झाकण दिलं, त्यावर ३० मिलीची रेघ, म्हणाल्या पंधरा मिनिटांत संपवा. मला हसू आलं, मी एका दमात तांब्या रिकामा करणारा माणूस. पहिला घोट गेला आणि छातीच्या मधोमध थांबला, खरंच थांबला, आत कुणीतरी दार किलकिलं करून बघतंय असं वाटलं, आणि मग हळूच खाली उतरला. त्या झाकणाला मला अठरा मिनिटं लागली. ते झाकण मी घरी आणलं, अजून आहे.

परत येताना आठवडाभरानं ट्रेननं आलो, कार नको म्हणाले, कारण ट्रेनमध्ये उठून चालता येतं. दर पाऊण तासाला डब्याची एक चक्कर.

पहिला दीड महिना, खाणं

टप्पे हॉस्पिटलप्रमाणे थोडे बदलतात, माझे असे होते. पहिले दोन-तीन दिवस गाळलेलं पातळ, पाणी, नारळपाणी, गाळलेलं सूप. मग दोन आठवडे सगळं पातळ, दूध, ताक, प्रोटीन पावडर. तिसरा-चौथा आठवडा मिक्सरमधलं, मुगाचं घट्ट वरण, दही, कुस्करलेलं पनीर. पाचव्या-सहाव्यात मऊ, उकडलेलं अंडं, मऊ शिजवलेली भाजी, मासा. त्यानंतर हळूहळू घरचं.

आपल्याकडं एक पक्का समज आहे की वरणाचं पाणी म्हणजे ताकद. आई रोज वाटी आणायची. त्यात मीठ-हळद आहे, प्रोटीन नावाला. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं आणि पोटात जागा आहे अर्ध्या वाटीची, तेव्हा हिशोब करावाच लागतो. एक अंडं ६ ग्रॅम, पनीर १०० ग्रॅमला साधारण १८, वाटीभर घट्ट डाळ सहा-सात, पेलाभर दूध तेवढंच. म्हणून पावडर घ्यावी लागते. चव नाही आवडली तर ताकात फेटून चिमूटभर जिरेपूड टाका, बिनचवीची मिळते ती घ्या.

पाणी दिवसाला दीड-दोन लिटर, पण घोट घोट, आणि जेवणाआधी अर्धा तास, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. मी लिटरच्या दोन बाटल्यांवर मार्करनं तासाच्या खुणा केल्या होत्या. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात पाणी मोजून वापरायची सवय असतेच म्हणा.

आता माझी फजिती. एकेचाळिसावा दिवस, युनिटमध्ये पोरांबरोबर जेवायला बसलो, वाटीत मटकीची उसळ, हातात अर्धी मऊ चपाती. शाळेचा फोन आला, शर्टाच्या रंगाचा घोळ झाला होता, आणि बोलता बोलता मी चार घास न चावता ढकलले. मिनिटात छातीवर दगड. तोंडाला पाणी सुटलं, पाणी म्हणजे फेस, चिकट, गिळताही येईना थुंकताही येईना. कात्रणाच्या पोत्यांमागं जाऊन वीस मिनिटं ओकत होतो आणि बाहेर कटिंग मास्तर विचारतोय, "मालक, ॲम्ब्युलन्स बोलवू का?" तेव्हापासून नियम केला, जेवताना फोन दुसऱ्या खोलीत. एक घास, चमचा खाली, पंचवीस वेळा चावायचं, मग दुसरा. एकूण वीस-पंचवीस मिनिटं. आणि पोट भरल्याची खूण शिकून घ्या, जुनी खूण गेली आता. मला नाकातून पाणी येतं किंवा एक उचकी लागते. उचकी आली की ताट सरकवायचं, एक घासही पुढं नाही.

ताटातला क्रमही ठरलेला: आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर भाकरी. आणि इथं सोलापूरकरांसाठी खास सापळा आहे. मऊ चपाती, भात बऱ्याच जणांना अडकतो, पण कडक भाकरी कुरुमकुरुम चुरा होऊन अलगद उतरते, पोट भरल्याचं कळतच नाही. बिस्किटं, फरसाण, चिवडा तसंच. गिळायला सोपं ते जास्त जातं. आणि शेंगाचटणी! शेंगदाण्यात प्रोटीन असतं असं मीच मला समजावून रोज तीन-चार चमचे खायला लागलो होतो, १०० ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. दहाव्या महिन्यात वजन हलेना तेव्हा आहारतज्ज्ञानं नेमकं ते पकडलं. आता एक चमचा, मोजून.

गोळ्या, आणि मध्ये येणारे झटके

गोळ्या आयुष्यभर. मल्टिव्हिटॅमिन, बी१२, डी, कॅल्शियम सायट्रेट, लोह. कॅल्शियम आणि लोह एका वेळी घेऊ नका, किमान दोन तासांचं अंतर, नाहीतर लोह शोषलं जात नाही. पहिले काही महिने ॲसिडिटीची गोळी, आणि वजन झपाट्यानं उतरताना पित्ताचे खडे होतात म्हणून सहा महिने उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडची. गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणून खाऊ नका, जठराला अल्सर होतो, पॅरासिटामॉल चालते.

शुगर-बीपीच्या गोळ्या फार लवकर कमी होतात. माझं बीपी पहिल्या आठवड्यात इतकं खाली आलं की उठताना डोळ्यापुढं अंधारी यायची, बीपीची गोळी निम्मी केली. घरी दोन्ही मशीन ठेवा, वहीत लिहा, डॉक्टरला पाठवा. चौथ्या महिन्यात माझी शुगरची गोळी बंद झाली. मधुमेहाचे डॉक्टर म्हणाले, "गेली म्हणू नका, झोपलीय म्हणा." तपासणी चालूच आहे.

तिसऱ्या आठवड्यात वजन थांबतं. माझं ११३ वर नऊ दिवस हललं नाही, पैसे वाया गेले म्हणून मी रात्री रडलो. जवळपास सगळ्यांचं थांबतं, आपोआप सुटतं. रोज वजन करू नका. माझे आकडे: महिन्याला १११, तीन महिन्यांना १०१, सहाला ९३, वर्षाला ८८.

दिवाळीच्या सुमारास केस गळायला लागले, कंगवाभर. तीन ते सहा महिन्यांत हे होतं, शरीराला बसलेल्या झटक्यानं, नंतर येतात, प्रोटीन आणि लोह सांभाळा, महागडी तेलं घेऊ नका. थंडीही वाजते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत, सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी सगळे शर्टावर आणि मी स्वेटर-कानटोपीत.

बायकांसाठी, चुलतबहिणीनं विचारलं होतं म्हणून: ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष गरोदरपण टाळायचं, आणि वजन उतरलं की दिवस राहायची शक्यता उलट वाढते, म्हणून सोय आधीच डॉक्टरला विचारून करा. दारू लगेच आणि जोरात चढते, त्यावर जास्त लिहीत नाही.

हे दिसलं तर थांबू नका

ताप, नाडी १२० च्या वर राहणं, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढत जाणारं दुखणं, धाप: शिलाईतून गळती असू शकते. शंभरात एखाद्याला होते, पण झाली तर तास महत्त्वाचे, त्याच रात्री हॉस्पिटल. एका पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक श्वास लागणं, तसंच. सारख्या उलट्या होऊन पाणीही ठरत नसेल तर दोन दिवस घरी बसू नका, बी१ कमी होऊन डोळे, तोल, स्मरण यांच्यावर परिणाम होतो. आणि गावातल्या डॉक्टरकडं गेलात तर पहिलं वाक्य हेच बोला, माझं वजनाचं ऑपरेशन झालंय. मी फोनच्या कव्हरमागं चिठ्ठीच ठेवलीय.

रक्ताच्या तपासण्या तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि मग दरवर्षी.

माणसं

आपल्या गावात विचारपूस करायची ती जेवणावरून. आमच्या गल्लीत सकाळी शेजारची कानडी मावशी विचारते, "ऊट आयता?", पलीकडचे तेलुगू बोलणारे पद्मशाली काका "तिन्नावा?", आणि आमची आई "जेवलास का रे?" तिन्ही भाषांत उत्तर एकच, हो, आणि तरी तिघंही काहीतरी पुढं करतातच. जठर छोटं झालं, ताट तेवढंच राहिलं. पहिल्यांदा मी घरातलं माझं ताट बदलून पोराच्या लहानपणीची ताटली घेतली. वाढायला बसलेल्या माणसाला अर्धा डाव पुरे हे तोंडानं सांगून कळत नाही, ताटलीत जागाच नसली की कळतं. लग्नात "काय आजारी आहेस का" विचारतात, गाल बसलेले असतात म्हणून. गणपतीत एक मोदक चौघांत खाल्ला. काही जण म्हणतात, सोपा रस्ता निवडलास. त्यांना कात्रणाच्या पोत्यामागचा किस्सा सांगतो.

पोटाची कातडी लोंबते, ती लोंबतेच, व्यायामानं थोडी आवरते. ती काढायचं ऑपरेशन वेगळं, दीड वर्षानंतर, आणि त्याला इन्शुरन्स सहसा मिळत नाही. मी केलं नाही. रोज सकाळी संभाजी तलावाकडं पाऊण तास चालतो, आठवड्यातून तीनदा घरीच वजनं उचलतो, नाहीतर चरबीबरोबर दंडही वितळतात. ८८ चे ९० झालेत, दोन वर्षांनी थोडं चढतं हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी वहीत परत लिहायला सुरुवात केलीय.

टेप आता पोटाभोवती ३८ इंचावर थांबते, उरलेली बावीस इंच हातात लोंबत असते.

परवा सासूबाईंचा फोन आला होता. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, मे-जूनमध्ये. ऐन सीझनमध्ये. म्हणाल्या, "या वेळी नुसतं पाणी पिऊन उठायचं नाही हं, किती धोंडे करू ते आत्ताच सांगा." मी म्हटलं, एक करा, आणि छोट्या वाटीत वाढा. त्या म्हणाल्या, चांदीची वाटी तुमच्याकडंच आहे, घेऊन या.